आठ आण्याला एक कुत्रं

2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना पालिकेने ताडपत्रीने झाकला आणि 6 तारखेला लोकांनी येऊन ती ताडपत्री ओढून काढली, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पुढचे आठ-दहा दिवस नुसता कल्ला होता. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं जातात इथपासून भूतदया, धर्म, कोर्ट, निवडणूक, मराठी-अमराठी असं सगळं निघालं. एकच गोष्ट निघाली नाही, निदान मला तरी कुणी बोलताना दिसलं नाही, ती म्हणजे हे भांडण ह्या शहरात आधी एकदा होऊन गेलंय. तेव्हाही तारीख 6 च होती, महिना जून आणि साल 1832.

तेव्हा कबुतरं नव्हती, कुत्री होती. फोर्टात भटकी कुत्री फार झाली म्हणून कंपनी सरकारने पोलिसांना ती मारायला सांगितलं आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. आता आठ आणे म्हणजे त्या काळी शिपायाला लहान रक्कम नाही, त्यामुळे भटकं कुठलं आणि पाळलेलं कुठलं हे बघायला कुणाला वेळ होता. लोकांच्या दारातली कुत्री उचलायला लागले. त्यात तो दिवस पारशांचा पवित्र दिवस, आणि त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान, मेलेल्या माणसाच्या शेवटच्या विधीतसुद्धा कुत्रं लागतं. झालं, शिपायांना रस्त्यात मार पडला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही उतरले, दुकानं लावून घेतली आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारा पाव, मांस, पाणी सगळं अडवलं. कुलाबा तेव्हा वेगळं बेट होतं बरं का, कॉजवे झाला 1838 ला, म्हणजे माल अडवणं तसं सोपंच. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली.

मी हे सांगतोय ते इतिहास पुन्हा पुन्हा घडतो वगैरे म्हणायला नाही, ते वाक्य मला आवडतही नाही. 1832 चं सरकार कुणी निवडून दिलेलं नव्हतं, आजची पालिका निदान कागदावर तरी आपली आहे, आणि कबुतरांच्या विष्ठेबद्दल डॉक्टर आज जे सांगतात ते तेव्हाच्या शिपायाच्या आठ आण्यांसारखं नाही. पण दोन्हीकडे गाठ एकच पडली, की आरोग्याच्या नावाने कुणीतरी वरून हुकूम काढला, खालच्या लोकांशी आधी बोलणं झालंच नाही आणि मग जनावर राहिलं बाजूला, मुद्दा झाला 'आमच्या दारात येऊन तुम्ही कोण सांगणारे'. हे वॉर्ड ऑफिसातल्या एका जरी माणसाला माहीत असतं तरी ताडपत्री बांधायच्या आधी चार माणसांना चहाला बोलवावं असं वाटलं असतं. कदाचित. आपण आशा करू शकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शहराचा जो इतिहास नागरिकाच्या कामाचा आहे तो ह्या असल्या बारक्या भांडणांत आहे, आणि नेमका तोच आपण ठेवत नाही. आपण काय ठेवतो? सात बेटं, पोर्तुगीज राजकन्येचा आंदण, 1668 ला वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली, मग गव्हर्नर अमुक, गव्हर्नर तमुक, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तिला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती, ही सगळी क्विझची उत्तरं आहेत. चुकीची नाहीत, पण ह्यातलं काही माहीत असून मला माझ्या गल्लीतल्या नळाबद्दल काही कळत नाही. दुसरं आपण ठेवतो त्या इमारती. त्यांना हेरिटेजचा ग्रेड मिळतो, दिवे लागतात, समोर उभं राहून लग्नाआधीचे फोटो काढतात. त्या इमारतीत कोण कोणाशी कशावरून भांडलं ते विचारू नका.

आणि तिसरं म्हणजे नावं. हा तर आपला लाडका खेळ. मार्च 2024 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने आठ स्टेशनांची नावं बदलायचं ठरवलं, त्यात करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी आणि चर्नी रोडचं गिरगाव. कारण काय तर ब्रिटिशांची नावं नकोत. सँडहर्स्ट आणि करी साहेबांबद्दल मला काडीचंही प्रेम नाही, जाऊ देत. पण चर्नी? हा कुठला साहेब? ह्या नावाच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की ठाण्याच्या चेंदणीकडचे लोक तिथे येऊन राहिले, त्यावरून. दुसरी जास्त ऐकायला मिळते, ती अशी की सरकारने 1838 मध्ये मैदानावर गुरं चारायला फी लावली, गरीब गवळ्यांना ती परवडेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी ठाकूरद्वारजवळ समुद्राकडची जमीन 20,000 रुपयांना स्वतःच्या खिशातून घेतली आणि गुरांना फुकट चरायला सोडली, म्हणून चरणी. कुठलीही खरी धरा, दोन्हीत इंग्रज कुठेच नाही. उलट दुसरी खरी असेल तर ते स्टेशन म्हणजे सरकारी फीच्या विरोधातलं स्मारकच झालं की हो, आणि आपण ते गुलामीची खूण म्हणून पुसायला निघालोय. गिरगाव नावाला माझी हरकत नाही, चांगलंच आहे, पण निदान ठराव लिहिणाऱ्याने गुरांचं तरी एकदा विचारायला हवं होतं.

नावांवरून आठवलं. जुन्या मुंबईच्या गल्ल्यांची नावं म्हणजे खरं तर पाण्याचा आणि झाडांचा नकाशा आहे. पायधुणी, उमरखाडी, धोबीतलाव, गोवालिया टँक, सीपी टँक, फणसवाडी, चिंचपोकळी. पायधुणीला भरतीचं पाणी यायचं आणि तिथे पाय धुवून माणूस पुढे जायचा, असं सांगतात. धोबीतलावात आज धोबीही नाही आणि तलावही नाही, चौक आहे आणि सिग्नल आहे. हे तलाव कुणी चोरले नाहीत, बुजवले, आणि त्यालाही कारण होतं. 1911 मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईतल्या मलेरियाचा रिपोर्ट दिला की डास घरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतात, मग विहिरी बंद करा, झाका, बुजवा अशी मोहीम निघाली. इथेही भांडण. पारशांना, जैनांना, हिंदूंना पूजेला विहिरीचंच पाणी हवं, नळाचं चालत नाही. म्हणजे पुन्हा तेच, आरोग्यखातं एका बाजूला, देवघर दुसऱ्या बाजूला. चर्चगेटला क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरची भिका बेहराम विहीर मात्र राहिली, 1725 ची, समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं.

आणि त्या डॉक्टरचं म्हणणं चुकलेलं नव्हतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. मलेरियाने माणसं खरोखर मरत होती. पण तलाव बुजले, खाड्या बुजल्या आणि पाणी कुठे जायचं हे कुणी पाण्याला सांगितलं नाही. दादर-परळकडचा हिंदमाता चौक दर पावसाळ्यात भरतो तेव्हा बातम्यांत नालेसफाईचा घोटाळा येतो, तो असेलही, पण तो सगळा भाग बेटांच्या मधला सखल भाग आहे हे कुणी म्हणत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि तेव्हा अर्ध्या मुंबईला पहिल्यांदा कळलं की मिठी ही नदी आहे, त्याआधी आपण सगळे तिला नाला म्हणायचो, मीसुद्धा. ती नदी विहारच्या सांडव्यातून निघते, आणि विहार तलाव बांधला तो मुंबईला नळाचं पाणी मिळावं म्हणून, 1860 मध्ये. विहारच्या आधी पाणी म्हणजे विहिरी आणि शेठलोकांनी बांधलेले तलाव, दुष्काळ पडला की हाल. म्हणजे आपल्या नळाची आणि आपल्या पुराची गोष्ट एकाच ठिकाणी सुरू होते. हे शाळेत का सांगत नाहीत मला कळत नाही, पोरांना गव्हर्नरांपेक्षा हे शंभरपट लक्षात राहील.

आता कुणी म्हणेल हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे, लोकलला लटकून जाणाऱ्या माणसाला 1860 चं काय घेणं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो कारण जुन्या मुंबईच्या नावाने खरंच खूप गुळगुळीत माल चालतो, ट्रामचे फोटो, 'काय ते दिवस', रिकामे रस्ते. ट्रामचंच घ्या. 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं, नुसते पैसे घ्यायचे. त्याच वर्षात तिकीट छापावं लागलं कारण लोक फुकट जायला लागले. आता हे ऐकलं की 'तेव्हाची माणसं किती प्रामाणिक' ह्याची हवाच जाते की नाही? नॉस्टॅल्जिया वास काढून टाकतो आणि फोटो ठेवतो, भांडणं वास ठेवतात, फरक हा आहे.

मैदानांचंही तसंच. एस्प्लनेडच्या, म्हणजे फोर्टाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर 1880 च्या सुमाराला पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची आणि तिथेच साहेबलोक घोड्यांवरून पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीला खड्डे पडायचे, चेंडू कसाही उसळायचा. पोलोवाले मूठभर, क्रिकेटवाले शेकड्यांनी, तरी मैदान कुणाचं हे पोलोवाले ठरवणार. पोरांनी सरकारकडे अर्ज केले, एकदा मिळालं, पुन्हा गेलं, पुन्हा अर्ज. आज एखादं मैदान क्लबला, जिमखान्याला, 'देखभालीसाठी' दत्तक दिलं आणि फाटकाला कुलूप लागलं की आपण म्हणतो काय करणार. तेव्हाच्या पोरांनी अर्ज लिहिले होते, एवढं तरी माहीत असावं.

पण ह्या सगळ्यात एक अडचण आहे, आणि ती मला आधी दिसली नव्हती. कुत्र्यांची दंगल आपल्याला माहीत आहे कारण ज्यांनी दुकानं बंद केली त्यांच्याकडे बंद करायला दुकानं होती, लिहायला मुनीम होते, अर्ज द्यायला ओळखी होत्या. चरणीची गोष्ट राहिली कारण त्यात एक मोठा दानशूर माणूस आहे, गवळ्याचं नाव त्यात नाही. मग ज्याच्याकडे यातलं काही नव्हतं त्याचं भांडण कुठे गेलं?

तर ते कराच्या नावात गेलं. मुंबई महापालिकेचा जो मूळ 1888 चा कायदा आहे त्यात घरमालकाने भरायचा एक कर होता, त्याचं नाव हलालखोर कर. हलालखोर म्हणजे मैला वाहणारा कामगार. संडास कोरडे होते, टोपल्या आणि पाट्या होत्या, आणि ती माणसं घरात येऊ नयेत, कुणाला दिसू नयेत, शिवू नयेत म्हणून इमारतींच्या मागे एक चिंचोळी फट ठेवायची, तिला घरगल्ली म्हणतात. जुन्या गिरगावात, भुलेश्वरात, काळबादेवीला आजही आहेत. दोन इमारतींच्या मधे जेमतेम माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा, वर पाइप, खाली सतत ओलं, वरच्या मजल्यावरून भिरकावलेल्या पिशव्या, उंदीर. पालिका ती साफ करून देते, पुन्हा महिन्याने तशीच. आपण म्हणतो लोकांना सिव्हिक सेन्स नाही. अरे पण ती जागा बांधलीच मुळात 'आपली घाण आणि ती उचलणारा दोन्ही दिसू नये' म्हणून, दीडशे वर्षं ती जागा तेच काम करतेय. आज मैला पाइपातून जातो, पण पिशवी टाकणारा हात अजून त्याच हिशोबाने टाकतो, मागे कुणीतरी उचलणारा आहे. ह्या घरगल्लीला कुठल्याच हेरिटेज यादीत जागा मिळणार नाही, आणि माझ्या मते शहराबद्दल ती व्हीटी स्टेशनाइतकंच सांगते.

प्लेगचंही बघा. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी रोग ओळखला, पुढे हाफकिनने लस काढली, 1898 ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रुंद रस्ते झाले, हे सगळं पुस्तकात आहे. ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला हे मात्र एखाद्या ओळीत येतं, अडाणी लोक, अफवा पसरली, वगैरे. अफवा होत्याच. पण बायकोला, पोराला घरातून उचलून नेतात, आत सोडत नाहीत आणि बाहेर येतं ते प्रेत, अशा वेळी माणूस काय विचार करेल? आणि त्या ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्यांची घरं पाडली तितक्यांना घरं दिली नाहीत, ती माणसं शेजारच्या चाळीत अजून दाटीने राहिली. कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर पत्रे ठोकले तेव्हा मला हे आठवत होतं. आता रिडेव्हलपमेंटच्या ट्रान्झिट कॅम्पात वर्षानुवर्षं पडलेली माणसं बघतो तेव्हाही आठवतं.

मग करायचं काय? मराठीत हे काम आधी झालेलं आहे, तेही खूप लवकर. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचें वर्णन' छापलं ते 1863 ला, आणि त्यात बाजार, विहिरी, देवळं, धंदे, सण, कुठल्या भागात कोण राहतं, हे सगळं आहे. रोजच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या माणसाचं ते पुस्तक आहे. म्हणजे परंपरा आपली आहे, बाहेरून काही आणायचं नाही. फक्त एका माणसाने तेव्हा जे केलं ते आज दोन डझन वॉर्डांनी करायला काय हरकत आहे. माझी मागणी फार मोठी नाही. एखादी चाळ पाडायची परवानगी देताना बिल्डरकडून अग्निशमनाचा कागद, झाडांचा कागद, असे सतरा कागद घेतातच, त्यात अठरावा घ्या, की ह्या इमारतीची जुनी कागदपत्रं, मंडळाच्या वह्या, भाडेपावत्या, नोटिसा, फोटो स्कॅन करून वॉर्डात जमा केले. खर्च त्या टॉवरच्या लॉबीतल्या झुंबरापेक्षा कमीच येईल. आणि सोबत तिथल्या झाडूवालीला, नळ सोडणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला बसवून तासभर रेकॉर्ड करा, कारण त्यांचे कागद नसतातच.

हे मी अगदी हवेत बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतली गिरगावातली एक चाळ रिकामी होत होती. पोतीच्या पोती रद्दी जिन्याखाली, रद्दीवाला काटा घेऊन बसलेला. त्यात मला एक लांबट, लाल कापडाच्या बांधणीची वही दिसली, मंडळाच्या इतिवृत्ताची. ती मी वजनावर विकत घेतली, अक्षरशः तराजूत घालून. 1951 पासून पुढची सात-आठ वर्षं. शाई तपकिरी झालीय, अक्षर मात्र असं की आज कुणाला जमणार नाही. पहिलाच ठराव, नळाला पाणी पहाटे येतं त्यामुळे तळमजल्यावाल्यांनी टाकी भरेपर्यंत मोरीत धुणं धुवू नये. पुढच्या सभेत तळमजल्यावाल्यांचा खुलासा, की वरचे लोक कपडे पिळून पाणी खाली सोडतात त्याचं काय. हे भांडण वहीत तीन वर्षं चाललंय. मधेच घरगल्लीत केर टाकणाऱ्यास चार आणे दंड, मग एका सभेत दंड कुणाकडूनच वसूल न झाल्याबद्दल खेद. एके ठिकाणी सामुदायिक हळदीकुंकवाला सर्व बिऱ्हाडांना बोलवावे असा ठराव आहे आणि त्याखाली दोघांची नापसंती, कारण लिहिलेलं नाही, पण कळतं.

हिशोबाच्या पानांवर दर महिन्याला एक ओळ आहे, 'झाडूवाली, रु. 6', दिवाळीच्या महिन्यात 'झाडूवाली, पोस्त रु. 2' असं वेगळं. इतक्या वर्षांत सेक्रेटरी तीनदा बदलले, त्यांची नावं, सह्या, राजीनामे सगळं आहे. तिचं नाव मी पानन् पान उलटून शोधलं, कुठेच नाही.

वही घेऊन मी एका सरकारी ऑफिसातही गेलो होतो, म्हटलं ठेवून घ्या. तिथल्या साहेबांनी चांगली हातात घेऊन चाळली, नळाच्या भांडणावर हसलेही, आणि मग विचारलं, पण हे कुठल्या खात्यात इनवर्ड करू? पाणी खातं म्हणावं तर त्यात हळदीकुंकू आहे. सध्या ती आमच्या कपाटात आहे, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून.